४८ व्होल्टचा आणि १२ व्होल्टचा निगेटिव्ह एकत्र करायचा का?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, काही चुकलं तर सांगा. देवबागजवळ कर्ली खाडीत पर्यटक फिरवणारी तुमची २४ फुटी फायबरची होडी आहे. पेट्रोलचं आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) काढून तुम्ही ५ किलोवॉटचं इलेक्ट्रिक आउटबोर्ड लावलंय. त्याला ४८ व्होल्टचे, १०० अँपिअर-अवरचे दोन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पॅक समांतर जोडलेत. दिवे, बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी उपसणारा), व्हीएचएफ रेडिओ, जीपीएस आणि गाणी वाजवायचा स्पीकर मात्र जुन्याच १२ व्होल्टच्या लेड-अॅसिड बॅटरीवर आहेत, आणि ती बॅटरी ४८ चे १२ करणाऱ्या कन्व्हर्टरवर चार्ज होते. आता मोटर विकणारा म्हणतो दोन्ही निगेटिव्ह एकमेकांना लावूच नका. गाड्यांचा वायरमन म्हणतो सगळे निगेटिव्ह बॉडीला मारा. आणि सोलरवाला म्हणतो तांब्याची प्लेट पाण्यात सोडून अर्थिंग करा.

पहिल्या दोघांच्या बोलण्यात अर्धं-अर्धं तथ्य आहे. तिसऱ्याची प्लेट मात्र पाण्यात सोडू नका. का ते पुढे सांगतो.

तुम्ही विचारताय की जोडू का. कदाचित ते आधीच जोडलेले असतील. सगळं बंद करा, कन्व्हर्टरच्या चारही तारा सोडवा आणि त्याचा इनपुटचा निगेटिव्ह आणि आउटपुटचा निगेटिव्ह यांच्यात मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर लावा. बीप सतत वाजत राहिला तर कन्व्हर्टर नॉन-आयसोलेटेड आहे, म्हणजे दोन्ही निगेटिव्ह त्याच्या पोटात एकच आहेत. बाजारात मिळणारे स्वस्त कन्व्हर्टर बहुतेक याच जातीचे. अशा वेळी तुमच्या दोन्ही सिस्टिम त्याच्या अडीच स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटरच्या) बारीक तारेने जोडल्या गेल्यात, फक्त ते कुणी ठरवून केलेलं नाही. बीप क्षणभर वाजून थांबला तर तो आतला कपॅसिटर आहे, त्याने घाबरू नका.

मी अठरा-एक वर्षं होड्यांचं वायरिंग करतोय, सुरुवात गोव्यात डिझेलच्या बोटींवर केली, गेली काही वर्षं बॅटरीवरच्याही करतो. या काळात जळालेल्या तारा मी पुष्कळ पाहिल्या. निगेटिव्ह ठरवून, जाड केबलने, एका ठिकाणी जोडले म्हणून जळालेली तार मला आठवत नाही. पूर्ण वेगळे ठेवले म्हणून जळालेलीही नाही. जळतात त्या तिसऱ्याच, जिथे मालकाला वाटतं की दोन्ही वेगळे आहेत, पण एखादी सिग्नलची तार, स्पीकरची पट्टी किंवा अँटेनाच्या केबलची जाळी मधून गुपचूप रस्ता करून बसलेली असते. दोन सिस्टिममध्ये एक तर रस्ताच नसावा, नाहीतर एकच असावा आणि तो जाड असावा. माझं सगळं उत्तर याच एका गोष्टीभोवती फिरतंय.

एक उदाहरण सांगतो. तुमच्यासारखीच होडी, तसेच पॅक. मालकाने पॅकची चार्जिंगची टक्केवारी दाखवणारा डिस्प्ले सुकाणूजवळ लावला. डिस्प्लेला सप्लाय १२ व्होल्टच्या बॅटरीतून, आणि माहिती पॅकच्या कम्युनिकेशन पोर्टातून. दोन महिने सुरळीत चाललं. मग एका संध्याकाळी परत येताना पॅक रिकामे झाले, बीएमएसने (पॅकमधल्या सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटने) त्यांना तोडलं, आणि मोटर बंद पडायच्या ऐवजी गचके देत चालू राहिली. मिनिटाभरात डिस्प्लेची केबल वितळून धूर.

झालं काय? सेलच्या खऱ्या निगेटिव्हला बीएमएसवर बी-मायनस म्हणतात, आणि बाहेर टर्मिनलवर येतो तो पी-मायनस. आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच पॅकमधलं बीएमएस पॉझिटिव्ह तोडत नाही, या दोन मायनसांच्या मधे तोडतं. पण कम्युनिकेशन पोर्टाचा ग्राउंड बऱ्याचदा आतल्या बी-मायनसवरच असतो. या होडीत कन्व्हर्टरमधून १२ व्होल्टचा निगेटिव्ह पी-मायनसला लागलेला, आणि डिस्प्लेच्या केबलमधून तोच निगेटिव्ह बी-मायनसला. बीएमएसने दार बंद केल्यावर मोटरच्या करंटला खिडकी सापडली, ती केसाएवढ्या तारेची. पॅक विकणाऱ्याने वायरिंग चुकीचं म्हटलं, वायरिंगवाल्याने पॅक खराब म्हटला. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते, फक्त पूर्ण चित्र कुणी काढलं नव्हतं.

म्हणून तारेला हात लावण्याआधी एक कागद घ्या. एका बाजूला ४८ ची सगळी यंत्रं, दुसऱ्या बाजूला १२ ची. मधे रेघ मारा आणि ती रेघ ओलांडणारी प्रत्येक गोष्ट लिहा. कन्व्हर्टर, डिस्प्लेची केबल, मोटरकडून जीपीएसला जाणारी डेटा केबल असेल तर ती. छताच्या लोखंडी पाइपलाही विसरू नका. व्हीएचएफच्या अँटेनाची जाळी ब्रॅकेटमधून पाइपला लागते, स्पीकरची बॉडी पाइपला लागते, आणि तोच पाइप खाली मोटरच्या ब्रॅकेटपाशी बोल्टने बसवलेला असतो. हा रस्ता मी तीनदा तरी पकडलाय.

आता दोन मार्गांपैकी कुठला घ्यायचा? कागदावर पाहिलं तर पूर्ण वेगळं ठेवणं सुंदर आहे. आयसोलेटेड कन्व्हर्टर लावायचा, रेघ ओलांडणारं बाकी काहीही नको. एखाद्या ठिकाणी इन्सुलेशन सोलवटलं तरी करंटला परतीचा रस्ता नाही, काही जळत नाही. पण त्याची दुसरी बाजू अशी की तो पहिला बिघाड कुणाला दिसतही नाही. कधीतरी दुसरा होतो, आणि मग दोन्ही मिळून रस्ता पूर्ण होतो. मोठ्या फेरीबोटींवर यासाठी सतत इन्सुलेशन तपासणारं यंत्र असतं. केरळात वैकमला २०१७ पासून ‘आदित्य’ ही सौर फेरीबोट चालते, कोचीत २०२३ पासून वॉटर मेट्रोच्या बोटी चालतात. तिथे देखभालीला पगारी माणसं आहेत. तुमच्या होडीवर पुढच्या मोसमात कुणीतरी खलाशी मोबाइल चार्जर लावणार, त्याचा मेहुणा रंगीत एलईडी लावणार, आणि त्यातला एखादा निगेटिव्ह जवळ दिसेल त्या टर्मिनलला जाणार. वेगळेपण दोन मोसमांपेक्षा जास्त टिकलेलं मी फार कमी होड्यांवर पाहिलंय.

म्हणून तुमच्या परिस्थितीत माझा कल जोडण्याकडे आहे, पण वायरमन म्हणतो तसं बॉडीला मारून नव्हे. फायबरच्या होडीला बॉडी नसतेच. गाडीत पत्रा हाच निगेटिव्ह असतो, त्या सवयीने तो बोलला. दोन्ही पॅकचे पी-मायनस एका जाड तांब्याच्या पट्टीवर, म्हणजे बसबारवर, आणा. मोटरचा निगेटिव्ह त्याच बसबारवर. १२ व्होल्टच्या बॅटरीचा आणि तिच्या सगळ्या उपकरणांचा दुसरा बसबार. या दोन बसबारमध्ये एक केबल, निदान १६ स्क्वेअरची, हात-दीड हाताहून लांब नको. पॅकचे करंट मोजणारा शंट असेल तर ही केबल शंटच्या लोडकडच्या बाजूला लावा, नाहीतर कन्व्हर्टरचा खर्च मोजणीत धरला जाणार नाही. या जोडकेबलमध्ये फ्यूज नको आणि स्विचही नको. तिचं कामच हे की ४८ चा पॉझिटिव्ह चुकून १२ च्या निगेटिव्हला लागला तर करंट बेधडक वाहावा आणि ४८ कडचा फ्यूज तात्काळ उडावा.

यात एक कमजोरी आहे, ती लपवत नाही. निगेटिव्ह एक असताना ४८ चा पॉझिटिव्ह १२ च्या पॉझिटिव्हला लागला तर फ्यूज उडेपर्यंतच्या क्षणात तुमचा जीपीएस आणि व्हीएचएफ मरू शकतात. स्वस्त कन्व्हर्टरमधला स्विच शॉर्ट झाला तरी हेच होतं. म्हणून निगेटिव्ह जोडत असलात तरी कन्व्हर्टर आयसोलेटेडच घ्या. हजार-दोन हजार जास्त जातील. आणि ४८ च्या पॉझिटिव्ह तारा १२ च्या जुडग्यातून नेऊ नका. त्यांची वाट वेगळी ठेवा, रंग वेगळा ठेवा. मी ४८ ला नारिंगी स्लीव्ह चढवतो. निगेटिव्हला काळ्याऐवजी पिवळी तार वापरा, बोटींच्या अमेरिकन मानकातही ती चालते. आपल्या घरच्या जुन्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे २३० व्होल्टचा न्यूट्रल, आणि चार्जर दुरुस्त करायला येणारा माणूस घरचंच वायरिंग करणारा असतो.

डिस्प्लेचं काय? निगेटिव्ह जोडल्यावर तर डेटाच्या केबली जास्तच जपायला हव्यात. मोटरच्या मुख्य निगेटिव्हचा लग (केबलच्या टोकाची बोल्टने बसणारी चकती) ढिला झाला, आणि खाऱ्या हवेत तो होतोच, तर शंभर अँपिअर दुसरा रस्ता शोधतात. मोटरच्या डेटा केबलचा ग्राउंड १२ च्या बसबारला लागलेला असेल तर तो रस्ता तयार आहे. डिस्प्लेला सप्लाय पॅकच्याच पोर्टातून मिळत असेल तर तसाच द्या आणि १२ शी काही संबंध ठेवू नका. नाहीतर मधे आयसोलेटेड मॉड्यूल लावा. खरं सांगायचं तर ब्लूटूथवर मोबाइलमध्ये टक्केवारी बघणं या होडीला पुरेसं आहे, आणि त्याला तारच नसते.

आता ती तांब्याची प्लेट. ‘अर्थिंग’ या एका शब्दाखाली आपण तीन वेगळी कामं ढकलतो आणि तिथेच घोळ होतो. घरच्या अर्थिंगचं काम म्हणजे बिघाड झाल्यावर करंटला ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलपर्यंत परतायची वाट देणं, म्हणजे ब्रेकर पडतो. तुमच्या बॅटरीचा न्यूट्रल खाडीत नाही. पाण्यात प्लेट सोडून कुठलाही फ्यूज उडणार नाही. दुसरं काम म्हणजे निगेटिव्हला एक समान पातळी देणं, ते वरच्या जोडकेबलने झालं. तिसरं रेडिओचं, आणि व्हीएचएफला पाण्यातली प्लेट लागत नाही.

प्लेटचा उपयोग शून्य, तोटे मात्र दोन. खाऱ्या पाण्यात तांबं आणि तुमच्या मोटरच्या पायाचं अॅल्युमिनियम एका तारेने जोडले गेले की ती एक बॅटरीच होते आणि त्यात अॅल्युमिनियम झिजतं. हा झाला रोजचा, संथ तोटा. दुसरा झटपट आहे. मोटरमध्ये कुठे ओल शिरून ४८ चा पॉझिटिव्ह केसिंगला थोडा जरी गळू लागला, तर केसिंगमधून पाण्यात, पाण्यातून प्लेटवर आणि प्लेटवरून निगेटिव्हला असा रस्ता पूर्ण होतो. करंट जिथून धातू सोडून पाण्यात उतरतो तिथला धातू विरघळतो. अशा वेळी पाय काही आठवड्यांत चाळणी होऊ शकतो. प्लेट नसेल तर हा रस्ताच नाही.

त्याच कारणाने मोटरचं केसिंग बॅटरीच्या निगेटिव्हला स्वतःहून जोडू नका, कंपनीच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलं असेल तरच जोडा. बहुतेक इलेक्ट्रिक आउटबोर्डचं केसिंग दोन्ही ध्रुवांपासून वेगळं ठेवलेलं असतं. ते खरंच वेगळं आहे का, हे होडी पाण्यात असताना महिन्यातून एकदा तपासा. मोटरचा स्विच चालू, थ्रॉटल शून्यावर. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून केसिंग ते पॉझिटिव्ह आणि केसिंग ते निगेटिव्ह मोजा. वीस-पंचवीस व्होल्ट दिसले तर लगेच मेकॅनिकला फोन करू नका. डिजिटल मीटरला भुताटकीचे व्होल्ट दिसतात. मीटरच्या दोन्ही टोकांमध्ये १० किलोओहमचा, अर्ध्या वॉटचा रेझिस्टर धरून पुन्हा मोजा. आकडा कोसळून शून्याजवळ आला तर भूत होतं. टिकून राहिला तर गळती खरी आहे, मोटर पाण्याबाहेर उचला आणि मग शोधा. मेगर (जास्त व्होल्ट देऊन इन्सुलेशन तपासणारं यंत्र) लावायचा मोह झाला तर आधी कंट्रोलर आणि पॅक सोडवा, ५०० व्होल्टमध्ये त्यांची इलेक्ट्रॉनिक्स टिकत नाहीत.

पायावरचा अॅनोड, म्हणजे पायाऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा, हाही एक मीटरच समजा. मोसमात निम्मा झिजला तर ठीक. महिन्याभरात संपला तर गळती शोधा. मोसमभर नवाकोरा राहिला तर कुणीतरी त्याच्यावर रंग मारलाय किंवा त्याचा बोल्ट गंजून संपर्क तुटलाय. कर्लीसारख्या खाडीत पाणी कधी खारं, कधी मचूळ असतं. कमी खाऱ्या पाण्यात जस्ताच्या अॅनोडवर थर बसून तो झोपी जातो, तिथे अॅल्युमिनियमचा अॅनोड बरा.

फ्यूजबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला पॅकजवळ गाडीच्या अँप्लिफायरचा एएनएल फ्यूज दिसतोय. तो काढा. साधारणपणे त्याच्यावर ३२ व्होल्ट छापलेलं असतं. तुमचे सोळा सेलचे पॅक पूर्ण भरल्यावर ५८.४ व्होल्टपर्यंत जातात. ३२ व्होल्टचा फ्यूज वितळला तरी आतली ठिणगी विझेलच असं नाही, आणि डीसीची ठिणगी एसीपेक्षा चिवट असते. शिवाय लिथियम पॅक शॉर्टमध्ये हजारो अँपिअर सोडतो. प्रत्येक पॅकच्या पॉझिटिव्हला स्वतंत्र क्लास टी फ्यूज, टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत लावा. अमेरिकन मानकात हे अंतर ७ इंच आहे. कन्व्हर्टरच्या ४८ कडच्या तारेला वेगळा छोटा फ्यूज, तोही ५८.४ हून जास्त डीसी व्होल्टचा. मेन स्विचही डीसीचा घ्या, घरच्या डीबीतला एमसीबी नको. पॅक पहिल्यांदा समांतर जोडताना दोन्ही वेगवेगळे पूर्ण चार्ज करून मगच जोडा, नाहीतर भरलेला पॅक रिकाम्यात धाडकन ओततो.

बिल्ज पंपाचा फ्लोट स्विच थेट १२ च्या बॅटरीवर, मेन स्विचच्या आधी, स्वतःच्या फ्यूजसह. तुम्ही ‘१२ ची बॅटरी काढून कन्व्हर्टरवरच सगळं चालवू का’ असं विचारलंय त्याचं उत्तरही यातच आहे. नको. बीएमएसने पॅक तोडले की मोटर गेली, आणि नेमकं त्याच वेळी तुम्हाला दिवा, पंप आणि व्हीएचएफ लागणार. दोन वेगळ्या बॅटऱ्या ठेवायचं खरं कारण एवढंच आहे.

केबलीचं थोडक्यात. ५ किलोवॉटला शंभरच्या आसपास अँपिअर लागतात. पॅक मोटरपासून तीन मीटरवर असतील तर ३५ स्क्वेअरमध्ये जाऊन-येऊन साधारण ०.३ व्होल्ट पडतो, चांगलं आहे. कलई केलेली मरीन केबल मिळाली तर उत्तम. नाही मिळाली आणि वेल्डिंगची केबल वापरलीत तर लगवर गोंदवाली हीट-श्रिंक चढवा, नाहीतर दोन पावसाळ्यांत तांबं आतून हिरवं पडतं. लगला हायड्रॉलिक क्रिम्प, हातोडी नको.

राहिला चार्जर. इथे मात्र खरं अर्थिंग लागतं. चार्जर होडीवर न ठेवता जेट्टीवर किंवा घरात भिंतीला लावा, त्याला तीन पिनचं अर्थिंग असलेलं सॉकेट आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) द्या, आणि होडीपर्यंत फक्त डीसीची जाड केबल न्या. असं केलं की २३० व्होल्ट होडीवर चढतच नाहीत आणि जेट्टीचा अर्थ तुमच्या निगेटिव्हला येऊन मिळत नाही. फक्त चार्जरचा डीसी निगेटिव्ह त्याच्या बॉडीपासून वेगळा आहे का ते वरच्याच बीपच्या पद्धतीने तपासून घ्या. चार्जर होडीवरच बसवायचा असेल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा निदान गॅल्व्हॅनिक आयसोलेटर लागेल, आणि मग माझं उत्तर वेगळं असेल. होडी लोखंडाची किंवा अॅल्युमिनियमची असती तरी ते वेगळंच असतं.

पॅकवाल्याला दोन गोष्टी विचारून ठेवा. बीएमएस निगेटिव्ह तोडतं की पॉझिटिव्ह, आणि कम्युनिकेशन पोर्ट आयसोलेटेड आहे का. त्याचं उत्तर आणि कन्व्हर्टरवरच्या लेबलचा फोटो पाठवा, तोपर्यंत पॅकला डिस्प्लेची केबल लावली असेल तर काढूनच ठेवा.